वाचकांचे प्रश्न : मोर्चाचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक संगीत

या महिन्यात ठाणे, कळवा, ऐरोली ते थेट उलव्यापर्यंतच्या वाचकांनी इलेक्ट्रॉनिक आणि पर्यायी संगीताबद्दल लिहिलं आहे. आजूबाजूला जे घडतंय ते आपल्या संगीतात यावं, ही ओढ बहुतेक पत्रांत आहे, आणि ती आम्हाला मोलाची वाटते. ओढीला कारागिरीची जोड मिळाली नाही तर चांगलं रेकॉर्डिंग वाया जातं, कधी कधी ज्यांचा आवाज आपण घेतला त्यांनाच त्रास होतो. म्हणून उत्तरं शक्य तितकी नेमकी ठेवली आहेत.

प्रश्न : कोकण भवनासमोर आणि ठाण्यात कोर्टनाक्यावर झालेले मोर्चे मी मोबाइलवर रेकॉर्ड केले. घोषणा सुरू झाली की आवाज फाटतो आणि लोक थांबले की रस्त्याची घरघर एकदम वर येते. पुढच्या वेळी काय करू? आणि आहे त्याचं काही होईल का? (कोपरखैरणे)

रस्ता वर येतो तो मोबाइलच्या ऑटो गेनमुळे. आवाज कमी झाला की फोन स्वतःच माइकची संवेदनशीलता वाढवतो, घोषणा आली की घाईघाईने कमी करतो आणि त्या घाईत पहिलं अक्षर फाटतं. हाताने गेन ठरवता येतो असं रेकॉर्डिंग ॲप घ्या आणि ऑटो बंद करा. हातात मावणारा छोटा रेकॉर्डर मिळाला तर उत्तमच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. सगळ्यात मोठी घोषणा सुरू असताना मीटरचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहायला हवा. तो वारंवार उणे ३ कडे जात असेल, तर पुढचा ढोल नक्की फाटणार. या दर्जाच्या स्टीरिओ फाइलला मिनिटाला सुमारे १७ एमबी, म्हणजे तासाला १ जीबीहून थोडी जास्त जागा लागते. कार्ड आधी रिकामं करून ठेवा.

हल्लीच्या काही रेकॉर्डरमध्ये ३२ बिट फ्लोट असतं. त्यात लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते हे खरं आहे. पण माइकची कॅप्सूलच (आवाज झेलणारा भाग) आवाजाने दबून गेली असेल, तर कुठलंही बिट कामाला येत नाही. ताशाच्या दोन हातांवर उभं राहून घेतलेलं रेकॉर्डिंग फ्लोटमध्येही फाटलेलंच येतं.

यंत्रापेक्षा जागा महत्त्वाची. भोंग्याच्या तोंडासमोर कधीही उभं राहू नका. भोंग्याला खर्ज नाही, वरची चमक नाही, मधलाच पट्टा असतो आणि तोही कर्कश. त्याच्या तोंडापासून ४५ अंश बाजूला, चार-पाच मीटर अंतरावर उभे राहा आणि माइक गर्दीकडे वळवा. घोषणा देणारा भोंग्यातून ऐकू येईलच, तुम्हाला हवाय तो गर्दीचा प्रतिसाद. मोर्चाबरोबर चालूही नका. चालताना कपड्यांची सळसळ आणि हाताची धडधड माइकमध्ये उतरते. एका जागी थांबून मोर्चा समोरून जाऊ द्या. लांबून येणं, अंगावरून जाणं, ओसरणं हा चढउतार रेकॉर्डिंगमध्ये आपोआप येतो आणि नंतर कुठल्याही प्लगिनने तो तसा करता येत नाही. समोर सिमेंटची मोठी भिंत असेल तर तिच्यापासूनचं अंतर पाहा. १७ मीटरवरची भिंत आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने परत देते, आणि तेवढ्यात शब्द एकमेकांत मिसळतात.

खाडीकडच्या वाऱ्यासाठी फोमची टोपी पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं. ढोल नसेल तर ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा खर्ज कापणारा फिल्टर) लावा. ढोल असेल तर रेकॉर्ड करताना नको, घरी लावा. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर जवळच्या रेकॉर्डरमध्ये त्याची टकटक शिरते. शेवटी गर्दी पांगल्यावर त्याच जागेचा दोन मिनिटांचा नुसता आवाज घ्या, आणि मग तारीख, ठिकाण, वेळ बोलून ठेवा. ती दोन मिनिटं नंतर कट लपवायला उपयोगी पडतात.

तुमच्याकडे आहे त्या फायलींबद्दल : एखादा मिलिसेकंद फाटलेली शिखरं डी-क्लिपने (फाटलेला आवाज दुरुस्त करणाऱ्या प्लगिनने) सावरतात, सबंध शब्द फाटला असेल तर नाही. तो शब्द म्हणून वापरायचा नाद सोडा. ३०० हर्ट्झच्या वरचं सगळं कापा, चार-पाच पट लांबवा, आणि उरेल तो जाड गुंजारव ट्रॅकच्या तळाशी ठेवा. गर्दीचं वजन त्यात शिल्लक राहतं.

प्रश्न : घोषणा बीटवर बसतच नाहीत. ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांना) खेचल्या की यंत्रमानव बोलल्यासारखं होतं. (कळवा)

ग्रिडला घोषणेकडे आणा. उलटं करू नका.

आधी मोजा. घोषणा आणि प्रतिसाद मिळून ८ ठोके धरले आणि त्यांना ४.८ सेकंद लागले, तर ८ गुणिले ६० भागिले ४.८, म्हणजे १०० बीपीएम (मिनिटाला १०० ठोके). त्याच मोर्चातली पुढची एखादी जागा मोजा. लोक तापले की तेच ८ ठोके ४.२ सेकंदांत होतात, म्हणजे ११४. ही वाढ म्हणजे मोर्चाचा श्वास आहे, ती सपाट करू नका. सॉफ्टवेअरच्या टेम्पो ट्रॅकवर १०० ते ११४ असा हळू चढ काढा आणि ड्रम मशिनला त्याच्यामागे चालू द्या. आवाज ताणायचाच झाला तर ६ टक्क्यांच्या आत. त्यापुढे 'त', 'क', 'ट' ही व्यंजनं पुसट होतात आणि शब्द तोंडातच राहतो.

दुसरी गफलत समेची असते. बहुतेक जण घोषणेचा पहिला शब्द समेवर ठेवतात. रस्त्यावर तसं होत नाही. घोषणा देणारा समेच्या आधीच उचलतो आणि गर्दीचा प्रतिसाद समेवर आदळतो. प्रतिसादाचं पहिलं व्यंजन किकवर (ड्रम मशिनच्या खोल ठोक्यावर) बसवा, घोषणा तिला हवी तिथे मागे पसरू द्या. एवढ्याने निम्मं काम होतं. प्रत्येक अक्षराला वॉर्प मार्कर (आवाज ठोक्याला बांधणारी खूण) लावू नका, दर प्रतिसादाला एकच पुरे.

आता जागा. शब्द समजतात ते मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातून. तिथेच तुमची हाय-हॅट (झांजेसारखा ठोका) आणि कर्कश सिंथही (सिंथेसायझर) असतात. गर्दी बोलत असताना दोन्ही बंद ठेवा, किक राहू द्या. बेसला गर्दीच्या आवाजाने साइडचेन करा, म्हणजे गर्दी बोलली की बेस आपोआप खाली जाईल : ३ डेसिबलची घट, अटॅक ५ मिलिसेकंद, रिलीज १०० च्या आसपास. याहून खोल घट केली की आवाज पंप मारल्यासारखा धापा टाकतो. काही शैलींत तो हवासा असतो, पण शब्द ऐकवायचे असतील तर नको.

तुम्ही हलगीबद्दलही विचारलं आहे. बाजारातल्या तयार सँपल पॅकपेक्षा वादकाला मानधन देऊन स्वतः घ्या. हलगी शेकून ताणलेली असताना लगेच रेकॉर्ड करा. पावसाळ्यात चामडं दहा-पंधरा मिनिटांत ढिलं पडतं आणि पहिल्या व शेवटच्या ठोक्याचा सूर जुळत नाही, म्हणून मधे मधे परत शेकायला वेळ ठेवा. मधला ठोका, कडेचा ठोका, बारीक काडीची फड असं प्रत्येक तीन जोरांत, आणि प्रत्येक जोराचे किमान आठ ठोके वेगवेगळे. एकच सँपल सोळा वेळा वाजलं की कान लगेच ओळखतो.

प्रश्न : शाहिरी समजते, रॅप समजतं. पण ज्यात शब्दच नाहीत असं टेक्नो राजकीय कसं? आणि हे सगळं बाहेरूनच आलेलं नाही का? (नौपाडा, ठाणे)

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हा त्यांची ताकद शब्दांत होती, तितकीच लोकांना एका जागी गोळा करण्यात होती. शब्दांविना संगीताकडे ही दुसरी ताकद पूर्ण असते आणि सत्तेला ती बरोबर कळते.

ब्रिटनमध्ये १९९४ साली रात्री उघड्यावर भरणाऱ्या रेव्ह पार्ट्या रोखायला कायदा आला. संगीताची व्याख्या करताना त्यात लिहिलं गेलं की लागोपाठ पुनरावृत्त होणाऱ्या ठोक्यांचं संगीतही यात धरावं. म्हणजे ठोकाच कायद्याच्या कलमात आला. विधेयकाच्या काळातच ऑटेकर या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांच्या जोडीने तीन ट्रॅकची एक तबकडी काढली. त्यातल्या एका ट्रॅकचे ड्रम असे रचले होते की कुठलेही दोन बार सारखे होऊ नयेत, आणि वेष्टनावर सूचना होती की हा वाजवताना पोलिसांनी हटकलं तर पुनरावृत्ती नाही हे पटवून द्यायला वकील आणि संगीतशास्त्रज्ञ बरोबर ठेवा. त्या ट्रॅकमध्ये एकही शब्द नाही. निषेध संपूर्णपणे ड्रमच्या रचनेत आहे, आणि म्हणूनच तो शिकण्यासारखा आहे. एका बारमध्ये एकच ठोका जागचा हलवला, वगळला, वाढवला तर काय होतं हे तुम्ही आज संध्याकाळी लॅपटॉपवर करून पाहू शकता.

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी. मे २०१८ मध्ये सशस्त्र पोलिसांनी बासियानी आणि कॅफे गॅलरी या क्लबांवर रात्री धाड घातली. बासियानी हा क्लब फुटबॉल स्टेडियमच्या खालच्या जुन्या जलतरण तलावात आहे. दुसऱ्या दिवशी हजारो तरुण जुन्या संसदेसमोर जमले, तिथेच स्पीकर लागले आणि नाच हाच निषेध झाला. गृहमंत्र्यांना येऊन माफी मागावी लागली. युक्रेनच्या कीव्हमध्ये २०१४ च्या मैदान उठावानंतर पैसा आटला आणि क्लब ओस पडले, तेव्हा स्खेमा या नावाने कारखान्यांत आणि पुलांखाली टेक्नोच्या रात्री सुरू झाल्या. बेलारूसच्या मिन्स्कमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये सरकारी कार्यक्रमात ध्वनी सांभाळणाऱ्या दोन तरुणांनी बदलाची मागणी करणारं एक जुनं रॉक गाणं लावलं, त्यांना १० दिवसांची कोठडी झाली. गाणं त्यांचं नव्हतं, फक्त ते लावण्याची निवड त्यांची होती.

बाहेरून आलेलं म्हणाल तर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ सालीच मूग सिंथेसायझर होता आणि त्यावर भारतीय रचनाकार काम करत होते. मुंबईचे स्टुडिओ वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीआर-८०८ (ड्रम मशिन) आणि टीबी-३०३ (बेसचा सिंथ) वर राग वाजवून रेकॉर्ड केले. ही यंत्रं आपल्याकडे पन्नासहून अधिक वर्षं आहेत. हार्मोनियमही बाहेरूनच आली होती.

प्रश्न : १९८४ च्या जासईच्या शेतकरी आंदोलनावर एक पीस करतोय. आमच्या भागातल्या एका वयस्क धवलारणीने (लग्नविधीची गाणी, म्हणजे धवले, गाणाऱ्या बाईंनी) धवले गाऊन दिले आणि त्या दिवसांबद्दल बोलल्याही. सिंथ त्यांच्या आवाजाला लागत नाही. त्यांनी काही माणसांची नावंही घेतली आहेत, त्यांचं काय करू? (उलवे)

नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या त्या लोकांचा लढा, १९८४ च्या जानेवारीतला गोळीबार, त्यात गेलेले पाच शेतकरी आणि पुढे आलेली साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना, यावर इलेक्ट्रॉनिक संगीतात काम व्हायलाच हवं. आणि ते धवलारणीच्या आवाजातून होतंय ही फार चांगली गोष्ट आहे.

सुराचं आधी. त्या पेटी घेऊन गात नाहीत, त्यामुळे त्यांचा सा पेटीच्या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी असणार. लांब धरलेला एखादा सूर निवडा, ट्यूनरवर मोजा. समजा २१२ हर्ट्झ आला. पेटीची काळी चार २०७.६५ ला आहे, म्हणजे काळी चारच्या सुमारे ३६ सेंट वर त्या गातात (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). सिंथचं मास्टर ट्यूनिंग अधिक ३६ सेंट करा आणि काळी चारवरून वाजवा. त्यांचा आवाज ऑटोट्यूनमधून काढू नका. धवल्यातला गंधार किंवा निषाद पेटीच्या पट्टीपेक्षा थोडा उतरलेला असू शकतो, तोच धवल्याचा बाज आहे. सिंथने त्या स्वरांच्या वाटेला जाऊच नये : सा आणि पंचमाचा ड्रोन (तंबोऱ्यासारखा सतत चालणारा सूर) धरा, मधले स्वर त्यांच्याकडे सोडा. गाताना कडव्यागणिक सूर चढत असेल तर प्रत्येक कडवं वेगळं मोजा. शेवटच्या कडव्यात तो २० सेंट चढलेला सापडला तर नवल नाही. ड्रोनला तेवढाच हळू पिच-बेंड द्या.

लयीचंही तेच. धवल्याला मेट्रोनोम लावू नका. ताल हवाच असेल तर कडव्यांच्या मधे आणा, कडव्याखाली नको.

आता नावं. इथे घाई करू नका. गाण्याची परवानगी आणि बोलण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता भाग, कुठे, कोणाच्या नावाने येणार हे मराठीत साध्या चार ओळींत लिहा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या आणि त्यांचा होकार रेकॉर्डही करा. गायक म्हणून त्यांचा कलावंताचा हक्क कायद्याने आहे, त्यामुळे उत्पन्नातला वाटाही त्याच कागदावर येऊ द्या. तयार पीस आधी त्यांना ऐकवा. नको म्हणाल्या तो भाग काढा, कारण विचारू नका.

हयात माणसांची नावं ट्रॅकमध्ये ठेवू नका. पिच खाली केला की ओळख लपते असं अनेकांना वाटतं. लपत नाही. तेवढाच पिच उलटा वर केला की मूळ आवाज परत मिळतो, शिवाय बोलण्याची ढब तशीच राहते. ओळख लपवायचीच असेल तर तो मजकूर दुसऱ्या कुणाकडून म्हणून घ्या. आणि मूळ फायली ऑनलाइन ड्राइव्हवर सगळ्यांना उघड्या ठेवू नका. एक प्रत तुमच्याकडे, एक वेगळ्या घरात, एक त्यांच्या कुटुंबाकडे.

प्रश्न : जुन्या शाहिरांच्या रेकॉर्ड, वाहिन्यांच्या बातम्या आणि नेत्यांची भाषणं यांचे तुकडे वापरायचे आहेत. सात सेकंदांपर्यंत चालतं ना? (घणसोली)

सात सेकंदांचा असा कुठलाही नियम भारतीय कॉपीराइट कायद्यात नाही.

ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं असतो. १९६० साली निघालेली तबकडी म्हणून २०२१ पासून मोकळी. पण त्या तबकडीतले शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा चालतो : कर्त्याच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. अण्णाभाऊ आणि अमर शेख दोघेही १९६९ मध्ये गेले, त्यामुळे हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. तबकडी मोकळी, शब्द बांधलेले, अशी ही स्थिती. नुसता डफ किंवा तुणतुण्याचा तुकडा घेतलात तर प्रश्न सोपा होतो. शब्द हवे असतील तर हक्कधारकांना लिहा.

जाहीर भाषणाचा हक्क कायद्याने भाषण करणाऱ्याचा असतो, वाहिनीचा नाही. वाहिनीच्या चित्रफितीवर तिचा वेगळा हक्क आहे. टीका किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यासाठी कायद्यात सवलत आहे, पण नाचायच्या ट्रॅकमध्ये तुकडा घातला की ती आपोआप लागू होत नाही. सभेत जाऊन स्वतः रेकॉर्ड केलंत तर निदान वाहिनीचा प्रश्न मिटतो. रस्त्यावरच्या दोन-तीन शब्दांच्या घोषणांवर कुणी मालकी सांगू शकेल असं आम्हाला वाटत नाही.

आणि एक आग्रहाने सांगतो. भाषणाचे तुकडे असे जोडू नका की माणूस जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी जाईल. एखादा शब्द लूप करणं, तोडणं, उलटा वाजवणं हे ऐकणाऱ्याला कळतं. 'नाही' हळूच काढून टाकणं कळत नाही. असा एक कट सापडला की बाकीच्या खऱ्या रेकॉर्डिंगवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

प्रश्न : शब्द लिहिताना कायद्याने कुठे अडकायला होतं? (अंबरनाथ)

तुमच्याच शहरात एप्रिल २०२३ मध्ये सत्तांतरावरच्या एका रॅपवरून छत्रपती संभाजीनगरच्या रॅपरवर गुन्हा दाखल झाला होता. गाणं जिथे ऐकलं गेलं तिथे तक्रार होऊ शकते, हे त्यातून घ्यायचं. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ बदनामीचं : नाव घेऊन ठोस आरोप करत असाल तर त्याचा पुरावा हाताशी हवा आणि तो लोकहितासाठी हवा. कलम १९६ धर्म, जात, भाषा, जन्मस्थान यांवरून गटांत वैर वाढवण्याचं आहे. धोरणावर, निर्णयावर, खड्ड्यांवर, बाजारभावावर कितीही कडक लिहा. अख्ख्या समाजावर ओळ जात असेल तर ती कायद्याआधी तुमच्याच कामाचं नुकसान करते. लिहिलेलं गाणं प्रसिद्ध करण्याआधी वकिलाला एकदा दाखवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

प्रश्न : वाशीत किंवा ठाण्यात उघड्यावर छोटा कार्यक्रम करायचा आहे. दोन बेस (खर्जाचे स्पीकर), दोन टॉप (वरच्या स्वरांचे), शंभरेक माणसं. गेल्या वेळी दहाच्या आतच पोलीस आले. मीटरवर तर आवाज ठीक दिसत होता. (ऐरोली)

आधी पोलीस ठाण्याची लेखी परवानगी, आणि ती मागताना एक प्रश्न नक्की विचारा : सध्या कलम ३७ चा आदेश लागू आहे का? महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या या कलमाखाली ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयं वेळोवेळी मनाई आदेश काढतात. लोकांना वाटतं तो हत्यारांपुरता किंवा जमावापुरता असतो. कलम ३७ (१) मध्ये जाहीरपणे घोषणा देणं, गाणी म्हणणं आणि वाद्यं वाजवणं यांवरही मनाई करता येते, असं स्पष्ट लिहिलं आहे. आंदोलनाच्या दिवसांत नेमका हाच भाग लागू होऊ शकतो. जमाव आणि मिरवणुकीवरची मनाई ३७ (३) खाली येते, आणि ती शासनाच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून तारीख ठरवताना आदेशाची मुदत बघा. आदेश मागून घ्या आणि शब्दन् शब्द वाचा, त्यात परवानगी घेतलेल्या कार्यक्रमांना सूट आहे का ते पाहा.

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य शासन सण-उत्सवांसाठी वर्षातले फार तर १५ दिवस १२ पर्यंत सूट देतं, त्यात तुमचा कार्यक्रम बसेल असं धरू नका. दिवसा निवासी भागाची मर्यादा ५५ डेसिबल, व्यापारी ६५, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ५०. कार्यक्रमाच्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांपैकी जे कमी असेल तेवढंच चालतं. निवासी भागात म्हणजे हद्दीवर ६५. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ८० असेल तर ६५ व्हायला ५६ मीटर लागतात. १० मीटरवर ९५ ठेवलात तर ३०० मीटरहून जास्त. सेक्टरच्या मैदानात एवढी जागा मिळणार नाही. ९५ चा कार्यक्रम बंद सभागृहातच करा.

तुमच्या मीटरचं कोडं असं : नियमातलं माप 'ए' पद्धतीचं आहे आणि ते ६३ हर्ट्झला तब्बल २६ डेसिबल कमी मोजतं. त्यामुळे मीटर शांत दिसतो आणि समोरच्या सोसायटीच्या खिडक्या थरथरतात. फोन जातो तो खिडकीमुळे. मीटर 'सी' पद्धतीवर (ती खर्ज जवळजवळ पूर्ण मोजते) टाकून दोन्ही आकडे पाहा. 'सी' हा 'ए' पेक्षा १५ हून जास्त वर असेल तर बेस कमी करा.

दोन बेस आहेत तर ते शेजारी ठेवू नका. एकामागे एक ठेवा, दोन्हींची तोंडं लोकांकडे, पुढच्या बाजूंमधलं अंतर १.२ मीटर. मागच्या बेसची पोलॅरिटी (धन-ऋण जोडणी) उलटी करा आणि त्याला ३.५ मिलिसेकंद डिले (उशीर) द्या. मागे जाणारा खर्ज एकमेकांना मारतो, ७० हर्ट्झच्या आसपास पुढे जाणारा जुळतो. साउंडवाल्याच्या प्रोसेसरमध्ये ही सोय असते, फक्त आधी सांगावं लागतं. दोन्ही पेट्या एकाच बनावटीच्या हव्यात, आणि पाठीमागे लगेच भिंत नको, नाहीतर भिंत सगळा हिशेब मोडते. इमारती ज्या बाजूला आहेत तिकडे पाठ करा. डिले चुकून पुढच्या पेटीला लागला तर उलटं होतं : लोकांसमोर खर्ज गायब आणि इमारतींवर दुप्पट. लावल्यावर पाठीमागे जाऊन एकदा कानाने ऐकाच.

प्रश्न : वीज नसलेल्या जागी ग्रूव्हबॉक्स (ठोके आणि सूर वाजवणारं यंत्र), मिक्सर आणि दोन छोटे स्पीकर बॅटरीवर किती वेळ चालतील? (दिघा)

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर. लेड-ॲसिड असेल तर निम्मीच वापरा, नाहीतर तिचं आयुष्य जातं. उरले ६००. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के जातात, ५१० राहिले. तुमचा सरासरी भार १५० वॉट धरला तर साडेतीन तासांच्या आत. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या, स्क्वेअर वेव्हवर मिक्सरमध्ये घूं घूं येते. लॅपटॉप चार्जरला लावला की किरकिर सुरू होत असेल तर लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (थेट विजेची जोडणी तोडून फक्त आवाज पुढे देणारी पेटी) लावा. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

प्रश्न : स्टुडिओत भारी वाटणारा ट्रॅक मित्रांना पाठवला की बेस नसतोच. (तुर्भे)

फोनच्या स्पीकरमधून साधारण २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. तुमचा ५५ हर्ट्झचा बेस त्यांना ऐकूच जात नाही. बेसची एक प्रत करा, तिच्यावर सॅच्युरेशन (वरची आवर्तनं वाढवणारा हलका फाटलेपणा) चढवा, १५० च्या खालचं कापा आणि मूळ बेसच्या १० ते १२ डेसिबल खाली मिसळा. कान वरच्या आवर्तनांवरून खालचा सूर ओळखतो. मिक्स मोनो करून ऐका. गर्दीचा आवाज मोनोमध्ये पातळ होत असेल तर स्टीरिओ रुंद करणारं प्लगिन काढून टाका. शेवटी लाउडनेस (सरासरी मोठेपणा) उणे १४ लफ्सच्या आसपास आणि ट्रू पीक (सर्वात उंच शिखर) उणे १ ठेवा. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल पुन्हा दाबली जात नाही.